फ्रोझन योगर्टच्या दुकानांच्या यादीबाबत तक्रार

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : इंदूर शहरासाठीच्या ‘फ्रोझन योगर्टची उत्तम 10 दुकाने’ या यादीतील चुकीची माहिती दुरुस्त करण्याबाबत व सभासद शुल्क परत मिळण्याबाबत.

महोदय,

मी इंदूरच्या रामबाग भागात राहते. गेल्या महिन्यात मी आपल्या अ‍ॅपचे 599 रुपयांचे वार्षिक सभासदत्व घेतले, कारण वरील यादी सभासदांखेरीज कोणाला पाहता येत नाही. यादीच्या माथ्यावरच ‘प्रत्येक दुकानात आमच्या प्रतिनिधीने स्वतः जाऊन चव घेतली आहे’ असे लिहिलेले आहे आणि त्या एका वाक्यावर भरवसा ठेवून मी पैसे भरले. त्यानंतर दोन रविवारी मुलाला स्कूटरवर मागे बसवून मी यादीतील सहा ठिकाणे पालथी घातली. त्यांपैकी एकाच ठिकाणी खरे फ्रोझन योगर्ट, म्हणजे दही गोठवून केलेला पदार्थ, मिळाले.

हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न असता तर मी पत्र लिहिण्याचा खटाटोप केला नसता. माझ्या 11 वर्षांच्या मुलाला दुधातील साखर, म्हणजे लॅक्टोज, पचत नाही. आइसक्रीम खाल्ले की त्याचे पोट फुगते आणि रात्रभर दुखते. दही मात्र त्याला सोसते, कारण विरजणातले जिवाणू दही लागताना त्या साखरेच्या काही भागाचे आम्ल करतात आणि उरलेली साखर पचवायला पोटात गेल्यावरही मदत करतात. योगर्टमध्ये लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस आणि स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस हे दोन जिवाणू असावे लागतात. गोठवल्यावर त्यांतले बरेचसे मरत नाहीत, निपचित पडून राहतात, परंतु दही लागल्यावर ते तापवले तर मरतात. म्हणून बरोबरीची मुले आइसक्रीम खात असताना माझ्या मुलाच्या हातात देता येईल असा गार पदार्थ मी शोधत होते, आणि आपल्या यादीतील ‘योगर्ट’ या शब्दाचा अर्थ माझ्या घरी अगदी शब्दशः घेतला गेला.

यादीतील पहिल्या क्रमांकाचे दुकान छप्पन दुकान परिसराजवळ आहे. तिथे यंत्रातून पांढरा शुभ्र, फुगीर गोळा कपात पडला, मुलाने तो आवडीने खाल्ला आणि मी एक चमचा तोंडात घातला तेव्हा आंबटपणाचा लवलेशही नव्हता, नुसती व्हॅनिलाची गोडी होती. मी विचारल्यावर काउंटरवरच्या मुलाने कसलाही आडपडदा न ठेवता यंत्रात घालायच्या मिश्रणाचे पाकीट माझ्यापुढे धरले. त्यावर ‘फ्रोझन डेझर्ट’ असे छापलेले होते आणि घटकांमध्ये दुधाची भुकटी, साखर व खाद्य वनस्पती तेल होते. दही किंवा जिवाणूंचा उल्लेख कुठेच नव्हता. आपल्या देशातील नियमांनुसार आइसक्रीममध्ये दुधाचा स्निग्धांश किमान 10 टक्के लागतो आणि वनस्पती तेल वापरलेल्या पदार्थाला फ्रोझन डेझर्ट म्हणावे लागते, म्हणजे ते धड आइसक्रीमही नव्हते. दुकानदाराने पाटीवर ‘सॉफ्टी’ असेच लिहिले आहे, त्यामुळे त्याच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही. सॉफ्टीला योगर्ट आपल्या यादीने म्हटले. त्या रात्री मुलगा दोन वाजेपर्यंत पोट धरून बसला होता.

सराफ्याच्या नोंदीमुळे तर आपला प्रतिनिधी इंदुरात आला होता की नाही, याचीच मला शंका आली. त्या ठिकाणाची वेळ आपण सकाळी 11 ते संध्याकाळी 7 अशी दिली आहे. इथल्या लहान मुलालाही ठाऊक आहे की दिवसा सराफ्यात सोन्याचांदीचा व्यवहार चालतो आणि ती दुकाने बंद झाल्यावर रात्री त्यांच्याच दारांपुढे खाण्याची दुकाने मांडली जातात. आम्ही रात्री पुन्हा गेलो, तर ज्याला आपण ‘केशरी फ्रोझन योगर्ट’ म्हटले आहे ती आमची शिकंजी निघाली. इंदूरची शिकंजी म्हणजे लिंबाचे सरबत नव्हे, तर आटवलेले दूध, मठ्ठा, केशर आणि सुकामेवा घालून केलेले दाट पेय. ते मला लहानपणापासून प्रिय आहे, पण ते दुधाचे आहे आणि गोठवलेलेही नाही. मुलाला मी ते देऊ शकले नाही.

विजयनगरमधील दुकान बंद होऊन तिथे मोबाइल दुरुस्ती सुरू झाली आहे. उरलेल्या दोन ठिकाणी साधे आइसक्रीमच मिळते.

आता त्या एका खऱ्या दुकानाविषयी. ए. बी. रोडच्या एका गल्लीतले हे छोटेसे दुकान आपल्या यादीत नववे आहे आणि ‘चव जास्त आंबट’ असा शेरा मारून त्याचे गुण कापलेले आहेत. मालकीणबाईंनी मला आतले पातेले दाखवले. रात्री लावलेले दही फडक्यातून थोडे निथळून, साखर घालून ते सकाळी यंत्रात ओततात आणि दही लागल्यानंतर पुन्हा तापवत नाहीत. कपात पडलेला पदार्थ फुगीर नव्हता, घट्ट होता, आणि पहिल्याच घासाला जिभेच्या कडेला चक्क्याची ती ओळखीची आंबट चव लागली. घरी श्रीखंडासाठी चक्का टांगणाऱ्या कोणालाही ती चव डोळे मिटून ओळखता येईल. मुलाने कप निपटून खाल्ला आणि रात्री शांत झोपला. ज्या आंबटपणासाठी आपण गुण कापलेत, तीच दही खरे असल्याची खूण आहे. तिलाच दोष मानल्यामुळे साखर आणि तेलाची सॉफ्टी पहिली आली आणि प्रामाणिक काम करणारी बाई नववी गेली. माझ्या 599 रुपयांपेक्षा मला याचे अधिक वाईट वाटते.

तरी माझी मागणी अशी आहे की, जिथे दह्यापासून पदार्थ होत नाही ती सर्व नावे या यादीतून काढावीत आणि बंद पडलेल्या दुकानाची नोंद रद्द करावी. क्रमांक कोणत्या निकषावर दिले आणि त्यासाठी कोणत्या दुकानाकडून पैसे घेतले आहेत का, हे सभासदांना स्पष्ट सांगावे. दूध न पचणाऱ्या माणसांसाठी प्रत्येक नोंदीत ‘जिवंत विरजण आहे किंवा नाही’ एवढी एक ओळ घालावी. प्रतिनिधीने चव घेतल्याचे वाक्य, तसे प्रत्यक्ष घडेपर्यंत, काढून टाकावे आणि माझे शुल्क परत करावे.

ई-कॉमर्सविषयीच्या 2020 च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार तक्रारीची पोच 48 तासांत देणे आणि तिचे निवारण एका महिन्यात करणे बंधनकारक आहे. तसे न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवून पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. शुल्काची पावती, पाकिटाचे छायाचित्र आणि सहाही ठिकाणांची बिले किंवा छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

कळावे,

आपली विश्वासू,
एक सभासद
रामबाग, इंदूर