बिबट्याचं एवढं मनावर घेऊ नका

प्रिय आई, बाबा,

दादाने ग्रुपवर तो बिबट्याचा व्हिडीओ टाकला तेव्हापासून आई फोनवर नुसतं "हं" म्हणतीये, म्हणून लिहायला बसले, कारण फोनवर मी चिडते आणि मग तू रडतेस. आधी ते सांगूनच टाकते. मुलुंडला माझ्या समोरचा फ्लॅट तुमच्यासाठी घेतलाय, त्याचं रजिस्ट्रेशन मागच्या शुक्रवारी झालं. तुम्हाला विचारायला हवं होतं, कबूल. पण तुम्ही नाहीच म्हणाला असतात, आणि आई, तू बाथरूममध्ये पडलीस ते मला तिसऱ्या दिवशी कळलं, तसं परत झालं तर मला नाही झेपणार गं.

मागे डोंगर आहे आणि तो बोरिवलीच्या नॅशनल पार्कचाच, खोटं कशाला बोलू. १०४ चौरस किलोमीटरचं जंगल, २०१८ साली कॅमेरे लावून मोजले तर पार्कात आणि आसपास मिळून ४७ बिबटे निघाले. मीपण पाहिलाय एक, सांगितलं नव्हतं. रात्री साडेअकराला कपडे काढायला बाल्कनीत गेले तर खालची कुत्री भुंकता भुंकता एकदम गप्प, सगळी गाड्यांखाली. आणि कंपाउंडच्या भिंतीवरून तो चाललेला, पाऊल बघून बघून टाकत, आपली मनी गॅलरीच्या कठड्यावर चालायची ना अगदी तस्संच. शेपूट केवढी लांब असते! वॉचमनने टॉर्च मारला तर त्याने तोंड फिरवलं आणि पलीकडे उतरला. मी अर्धा तास पिन्स हातात धरून उभी.

बाबा म्हणतील २००४ चं काय. बरोबर आहे, तेव्हा इथे बिबट्यांच्या हल्ल्यांत खूप माणसं गेली. पण त्या काळात दुसरीकडे पकडलेले बिबटे आणून इथे सोडत होते, त्यांना ना जागा माहीत ना वाटा, ते बिथरणारच. आता तसं करत नाहीत. तरी अजून कधीतरी घडतं, अगदी नाही असं नाही, पण बहुतेक वेळा तो कुत्र्यांसाठी येतो आणि कुत्री कचऱ्यासाठी. आमच्याकडे कचरा बंद खोलीत असतो, लाइट रात्रभर चालू.

आणि बाबा, राग मानू नका, पण आपल्या कोथरूडमध्ये काय झालं ते आठवा की. ९ डिसेंबर २०२०, गवा सोसायटीत शिरला, त्याने कुणाला काय केलं होतं? शेकडो लोक मागे लागले, तो पळून पळून, धडकून, शेवटी संध्याकाळी मेला. तुम्हीही बघायला गेला होतात आणि रात्री जेवला नाहीत. त्यात तुमचा काही दोष नव्हता हो, तुम्ही तर लोकांना मागे व्हा म्हणत होतात. दोन आठवड्यांनी बावधनला दुसरा आला, तेव्हा गर्दी लांब ठेवली आणि तो आपला जंगलात परत गेला.

पेशवे पार्कात पिंजऱ्यातल्या वाघाला बघून मी रडले होते, आठवतंय? बाबांनी खांद्यावर घेऊन सगळ्या बागेतून फिरवलं आणि तो झोपलाय गं, झोपलाय म्हणत राहिले. मला अजून तो खांदा आठवतो. आता तुम्ही घाबरलात तर मी काय म्हणू, बिबट्या सहाव्या मजल्यावर येत नाही एवढंच म्हणू शकते.

घर माझ्या दारासमोरच आहे. कमोड, शेजारी धरायला दांड्या, लिफ्टला जनरेटर, तुळशीला सकाळचं ऊन, सगळं बघून घेतलंय. बाबांना पेपर सहाला दारात. आणि थंडी ते उन्हाळा ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगो येतात, एवढे की चिखल गुलाबी दिसतो, ऐरोलीहून बोट असते, आईला नेणारच आहे मी.

आता ऐका. अंधार पडल्यावर डोंगराच्या बाजूच्या गेटने फिरायला जायचं नाही. बाबा, तिकडे वाकून बुटाची लेस बांधत बसायचं नाही, बसलेलं माणूस बिबट्याला छोटं जनावर वाटतं. आई, कुत्र्यांना पोळी खाली टाकायची नाही, कितीही केविलवाणं बघू देत. दिसलाच तर मोबाइल काढून मागे जायचं नाही, आत यायचं आणि १९२६ ला फोन करायचा, वनखात्याचा नंबर आहे, मोठ्या अक्षरात फ्रिजवर लावून ठेवते.

गुडघ्याच्या गोळ्या संपल्या असतील तर आजच मागव, पुढच्या रविवारची वाट बघू नकोस. टेम्पो २० तारखेला येईल. बाबांची ती मोठी बॅटरी माळ्यावर आहे ती नक्की घ्या, पण आतले सेल आधी काढा, मागच्या वेळी गळले होते.

तुमची,
चिमी