मोरीचा व्यास आणि चौदा पानी टिपण

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

महापालिकेची निवडणूक आटोपली की स्वीकृत, म्हणजे निवडून न येता नेमलेल्या, नगरसेवकांच्या नावांची कुजबुज सुरू होते. राज्यघटनेच्या २४३ (आर) कलमानुसार या जागा नगरप्रशासनाचे विशेष ज्ञान किंवा अनुभव असलेल्यांसाठी आहेत. त्यांना सभेत मतदानाचा हक्क तेवढा नाही. राज्याच्या नियमांत डॉक्टर, अभियंते, वकील, सनदी लेखापाल यांचा उल्लेखही आहे. प्रत्यक्षात तिथे बहुधा तिकीट हुकलेल्याचा रुसवा काढला जातो. आम्ही अभियंते मंडळी मात्र ‘राजकारण आपलं काम नाही’ म्हणत कट्ट्यावर चहा पितो. दोष निम्मा आमचाही आहे.

माझाच किस्सा सांगतो. तेव्हा मी दुसऱ्या एका शहरात राहत होतो. गल्लीच्या तोंडाशी ओढ्यावर नवी मोरी, म्हणजे रस्त्याखालून पाणी नेणारा छोटा पूल, होणार होती. ९०० मिलिमीटरचा पाइप टाकणार असे कळले आणि माझ्यातला स्थापत्य अभियंता जागा झाला. आलेख, तक्ते, सूत्रे असे चौदा पानांचे इंग्रजी टिपण घेऊन मी कचेरीत गेलो. कनिष्ठ अभियंत्याने पाने चाळली आणि म्हणाला, ‘‘काका, तुम्हाला पाइप कितीचा हवाय?’’ मी म्हणालो, १२०० चा. ‘‘मग एवढंच मराठीत एका ओळीत लिहून इस्टिमेट करताना दिलं असतंत तर? निविदा गेल्या महिन्यातच निघाली.’’ उतार तोच ठेवून ९०० च्या जागी १२०० चा पाइप टाकला, तर पूर्ण भरून वाहताना पाणी दुपटीहून जास्त जाते. माझ्या चौदा पानांत कामाचे वाक्य हे एवढेच होते, आणि ते अकराव्या पानावर होते!

सभागृहात न जाताही बोलता येते, त्याच्या जागा कायद्यातच आहेत. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यानुसार विकास आराखड्याच्या प्रारूपावर कोणीही हरकत घेऊ शकतो. सुनावणी घेणाऱ्या नियोजन समितीत नगररचना किंवा पर्यावरणाचे जाणकारही नेमले जातात. पुणे महापालिका तर २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे सुचवून घेते. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता समिती सक्तीची केली आहे. परिसरातली झाडे-पाखरे ओळखणाऱ्या प्राध्यापकांना याहून सोयीचे काम कुठे मिळणार?

पुण्यात तर जाणकार माणसांची वानवा नाही. धरणांची आणि नद्यांची प्रतिरूपे तयार करून पाण्याची चाल तपासणारी केंद्रीय संस्था खडकवासल्याला आहे, मोसमी पावसाचा अभ्यास पाषाणला चालतो. त्याच शहरात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने घरे वाहून नेली, माणसे गेली. सेवेत असलेल्या केंद्रीय शास्त्रज्ञांना सरकारी धोरणावर जाहीर टीका करता येत नाही, १९६४ चे वर्तणूक नियम आड येतात. पण निवृत्तांचे काय? आपल्या प्रभागातल्या ओढ्याची रुंदी जुन्या नकाशात किती होती आणि आज किती उरली, एवढे मोजायला एक टेप आणि दोन रविवार पुरतात. निळ्या (साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या) आणि लाल (शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या) पूररेषेतला फरक नगरसेवकाला ओढ्याकाठी उभे करून दाखवायला तर टेपही लागत नाही.

आता आपल्याकडे एक मागणे. हरकती-सूचनांच्या जाहीर नोटिसा आतल्या पानावर, निविदा आणि नावबदलाच्या जाहिरातींच्या गर्दीत, भिंगाने वाचाव्या लागतात. आठवड्यातून एकदा ‘या आठवड्यात कशावर हरकत घेता येईल’ अशी, विषय, कार्यालय आणि शेवटची तारीख देणारी छोटी चौकट छापाल का? राशिभविष्याच्या शेजारी दिलीत तरी चालेल. ते आमचे विज्ञाननिष्ठ मित्रही वाचतात.

आपला,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता, पुणे