सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुलं पत्र: माहितीपट दाखवा, पण नंतरच्या चर्चेसकट

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स.न.वि.वि.

साहेब, मानववंशशास्त्र, म्हणजे माणसांच्या समाजांचा नि चालीरीतींचा अभ्यास, म्हटलं की आपल्याकडच्या पोरांना एकच गोष्ट आठवते, यूपीएससीचा ऑप्शनल. सिलॅबस आटोपशीर, मार्क बरे पडतात म्हणे, संपला विषय. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्व्यांच्या राज्यात ही गत. मी कॉलेजात हाच विषय शिकवतो आणि दरवर्षी बघतो, फळ्यावर नातेसंबंधांचे तक्ते काढले की अर्धा वर्ग मोबाईलमध्ये जातो, पण माहितीपट लावला की तीच पोरं भांडायला उठतात.

म्हणून मागणी साधी आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी जी सांस्कृतिक भवनं आणि नाट्यगृहं आहेत तिथे महिन्यातून एक संध्याकाळ लोकांच्या जगण्यावरचा एक माहितीपट दाखवा, फुकट, आणि नंतर तासभर चर्चा ठेवा. तो तास कापला तर सगळंच मुसळ केरात.

का ते सांगतो. १९२२ चा रॉबर्ट फ्लाहर्टीचा 'नानूक ऑफ द नॉर्थ' घ्या, कॅनडाच्या बर्फातल्या इनुइट कुटुंबावरचा. त्यात नानूक ग्रामोफोनची तबकडी चावून बघतो आणि पोरं खो खो हसतात. लाईट लागले की सांगायचं, बाबांनो, त्याचं नाव नानूक नव्हतंच, अल्लाकारियालाक होतं, तिथले लोक तेव्हा बंदुका वापरत होते पण सिनेमासाठी हातात जुनी हत्यारं दिली, आणि इग्लूच्या आत उजेड पुरेना म्हणून एका बाजूने उघडा इग्लू बांधून घेतला, म्हणजे ते झोपायचे-उठायचे सीन उघड्या थंडीत. लगेच कोणीतरी ओरडतं, मग फसवलंच की सर! पण फ्लाहर्टी शूट केलेलं तिथेच धुवून त्या लोकांना दाखवायचा, आणि आपण कसं दिसायचं यात त्यांचाही हात होता, हे सांगितलं की वर्गात दोन पार्ट्या पडतात. झाली की ओळख विषयाची! दुसऱ्याचं जगणं कोण सांगतंय, कोणासाठी सांगतंय, कोणाला विचारून, एवढं पहिल्या संध्याकाळी डोक्यात गेलं तरी पुष्कळ.

आपल्याकडे माल कमी नाही. १९४८ पासून केंद्र सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनने ढिगाने माहितीपट काढले, थिएटरात मेन पिक्चरआधी ते दाखवायची सक्तीच होती (लोक तेवढ्या वेळात चहा-विडी उरकून यायचे ते सोडा). आता ते सगळं एनएफडीसीकडे (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे) गेलंय, केंद्राचा मामला आहे, पण राज्याने रीतसर मागितलं तर अवघड काय आहे? त्यातल्या बऱ्याच जुन्या फिल्ममध्ये एक भारदस्त आवाज आदिवासी किती भोळे नि आनंदी हे सांगत राहतो आणि ज्याच्याबद्दल सांगतो तो माणूस शेवटपर्यंत गप्प. तेही दाखवा, लपवू नका. फक्त आधी दहा मिनिटं आवाज बंद करून दाखवा, लोकांना विचारा काय दिसलं, मग तोच भाग आवाजासकट लावा. नवख्या माणसाला यापेक्षा चांगला धडा मला तरी माहीत नाही.

आणि एक, हे जास्त महत्त्वाचं. फ्रान्सचे मानववंशशास्त्रज्ञ-दिग्दर्शक झां रूश आणि समाजशास्त्रज्ञ एडगर मोरँ यांनी १९६१ च्या 'क्रॉनिकल ऑफ अ समर'मध्ये पॅरिसच्या ज्या लोकांना शूट केलं त्यांनाच फिल्म दाखवली आणि त्यांनी जे बरंवाईट सुनावलं तेही फिल्ममध्ये ठेवलं. आपण कातकरी, कोलाम, माडिया यांच्यावरचं काही दाखवणार असू तर पहिला शो पुण्या-मुंबईत कशाला? आधी त्यांच्या पाड्यावर होऊ द्या, आणि शहरातल्या शोला त्यांच्यातलं कोणीतरी स्टेजवर बसू द्या, नाचायला नाही, बोलायला, आणि बोलण्याचं मानधन द्या. पुण्यातल्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेची यात मदत होईल, ती तुमच्या खात्याखाली येत नाही हे मला कळतं, पण दोन खात्यांची फाईल एकमेकांकडे जायला काय नर्मदा परिक्रमा करावी लागते का.

जीआर काढाल तेव्हा तीन गोष्टी लिहूनच टाका: मराठी सबटायटल, चर्चा घडवणाऱ्याचा प्रवासखर्च, आणि शाल-श्रीफळ बंद. नाहीतर सत्कारातच सात वाजतात आणि फिल्म अर्ध्यात थांबवावी लागते, हे आम्ही भोगलंय.

पहिल्या शोला तुम्ही जरूर या, फक्त दीपप्रज्वलन करून निघू नका, चर्चा संपेपर्यंत बसा. प्रश्न तुम्हालाही येतील.

आपला,
मानववंशशास्त्राचा एक मास्तर