नान्नजच्या अण्णांना, चैत्राआधीच्या एका दुपारबद्दल

आदरणीय अण्णा,

सप्रेम नमस्कार.

गेल्या फाल्गुनात नान्नजच्या रस्त्यावर माझी मोटारसायकल पंक्चर झाली, तेव्हा तुम्ही ती ट्रॉलीत चढवून पंक्चरवाल्याकडे टाकलीत आणि त्याचे काम होईपर्यंत मला तुमच्या रानात नेलेत. त्या मदतीचे आभार मी तेव्हाच मानले होते. हे पत्र त्यानंतरच्या दोन तासांसाठी आहे.

उभा जन्म सोलापुरात काढूनही हिरवाई म्हणजे मृग लागल्यानंतरची, असेच मी धरून चाललो होतो. वर्षाकाठी सरासरी ५५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या मुलखात उन्हाळ्याच्या तोंडावर पाहण्यासारखे काय असणार? तुमच्या रानातही मालदांडी ज्वारीची काढणी उरकली होती, काळ्या जमिनीला भेगा पडल्या होत्या, बांधालगत कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या होत्या आणि पलीकडे १९७९ साली घोषित झालेल्या माळढोक अभयारण्याचे गवत वाळून पिवळे पडले होते. तुम्ही मला विहिरीकाठच्या पिंपळाखाली बसवलेत आणि “वर बघा” एवढेच म्हणालात.

एकाच डहाळीच्या शेंड्याला तांबूस, खाली पोपटी आणि त्याखाली गडद होत चाललेली पाने होती; कोवळ्या पानात हरितद्रव्य सावकाश भरते, हे शाळेत वाचलेले मी पन्नाशी उलटल्यावर प्रथमच डोळ्यांनी पाहिले. तुम्ही तळहातावर ठेवलेले पान इतके पातळ होते की त्यातून माझ्या हातावरच्या रेषा दिसत होत्या. पाऊस नसताना याला पाणी कुठून मिळते, असे मी विचारले, तेव्हा तुम्ही मला विहिरीत वाकायला लावून दगडांच्या सांध्यांतून खाली उतरलेल्या मुळ्या दाखवल्यात. “आमची मोटर बसायच्या आधीच यानं पाणी गाठलंय,” हे तुमचे शब्द मी आजवर बऱ्याच जणांना ऐकवले आहेत.

पुढे कडुनिंबाचा कोवळा पालाही तुम्ही चाखायला दिलात. कोवळा असला तरी तो कडूच लागला, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. पाडव्याला मंडईतून विकत आणलेल्या डहाळीला अंगणातल्या त्या बारीक पांढऱ्या फुलोऱ्याचा वास नसतो, हे मात्र पटले.

यंदा पंक्चरची वाट न पाहता येणार आहे. कडक भाकरी आणि शेंगाचटणी मी आणतो; पिंपळाखालची जागा तेवढी राखून ठेवा.

आपला कृतज्ञ,
सोलापूरचा एक वाटसरू