‘द ग्रेट कर्व्ह’ नीट ऐका

मा. संपादक, स.न.वि.वि.

रविवार पुरवणीतला न्यू वेव्हवरचा, म्हणजे सत्तरच्या दशकाअखेरच्या त्या नव्या धाटणीच्या रॉक संगीतावरचा, लेख वाचला. विषय घेतलात याचा आनंद झाला, पण कपडे, केस आणि सिंथेसायझर यातच जागा संपली, गाणी बनली कशी यावर एक ओळ नाही, हे मला अजिबात पटलं नाही.

टॉकिंग हेड्स या अमेरिकन बँडचा १९८० चा अल्बम ‘रिमेन इन लाइट’ घ्या. त्यातलं पहिल्या बाजूवरचं तिसरं गाणं, ‘द ग्रेट कर्व्ह’, जवळपास साडेसहा मिनिटांचं आहे आणि त्यात कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) म्हणाल तर जागची हलत नाही. तरी एक सेकंद कंटाळा येत नाही, कारण सगळी गंमत थरांची आहे. बहामाजला नासाऊच्या कंपास पॉइंट स्टुडिओत प्रोड्यूसर ब्रायन ईनोसोबत हे लोक तेच छोटे तुकडे परत परत वाजवत बसले, आवाजाचा तुकडा साठवून परत परत वाजवणारं यंत्र, म्हणजे सॅम्पलर, त्यांच्या हाताशी नव्हता म्हणून माणसांनीच लूप व्हायचं, तोच तुकडा फिरत ठेवायचा, आणि मग मिक्सिंगच्या वेळी कुठला ट्रॅक (वेगळा रेकॉर्ड केलेला थर) चालू आणि कुठला बंद यातून गाण्याचा आकार काढायचा. नायजेरियाच्या फेला कुटीचं अफ्रोबीट, म्हणजे आफ्रिकी ताल आणि जॅझ-फंक यांचं मिश्रण, त्यांच्या कानात होतंच. शब्द नंतर आले, आधी ग्रूव्ह, तालाची ती लय!

हेडफोन लावा आणि फक्त गाणाऱ्यांच्या आवाजांकडे लक्ष द्या. एक ओळ सुरू होते, ती चालू असतानाच दुसरी तिच्यावर चढते, मग तिसरी, आणि एकही दुसरीला ढकलत नाही. वर पाहुणी गायिका नोना हेंड्रिक्सचा आवाज. आणि पाहुणा गिटारवादक एड्रियन बेल्यूचा गिटार सोलो, तो गिटार वाटतच नाही, एखादं जनावर ओरडत सुटल्यासारखा वाटतो, खाली ख्रिस फ्रांट्झचे ड्रम्स मात्र ढिम्म.

म्हणूनच लेखात फक्त गायक डेव्हिड बर्नचं नाव वाचून वाईट वाटलं. अल्बम आला तेव्हाही श्रेय मुख्यतः बर्न आणि ईनोच्या नावावर होतं, त्यावरून बँडमध्ये खटके उडाले आणि पुढच्या आवृत्त्यांमध्ये बाकीच्यांची नावं आली. बँडमधल्या टीना वेमथ, जेरी हॅरिसन, फ्रांट्झ यांनी तासन्‌तास वाजवलं नसतं तर ईनोकडे चालू-बंद करायला होतं काय?

पुढचा भाग येणार असेल तर एकच गाणं घ्या, पण कोणी काय वाजवलं ते सगळं लिहा, जागा कमी पडली तर फोटो कमी करा.

आपला,
एक नियमित वाचक, ठाणे