लाख-कोटी मुलांना दिसू द्या

महोदय,

पाचवीच्या मुलांना एकक, दशक, शतक तोंडपाठ असते. पण लाख आणि कोटी यांत नेमका किती फरक, असे विचारले की वर्ग गप्प होतो. नुसते तक्ते भरून घेण्यापेक्षा मुलांच्या हाती आलेख कागद द्यावा, असे मला मनापासून वाटते. आमच्या वर्गाने तसेच केले.

कागदावरचा मिलिमीटरचा चौकोन म्हणजे एक. सेंटिमीटरचा चौकोन शंभर. तुकडे चिकटवत मीटरभर लांब, दहा सेंटिमीटर रुंद पट्टी झाली की एक लाख! दहा पट्ट्यांचा दहा लाखांचा तक्ता भिंतीवर मावला. कोटीसाठी मात्र मुलांनी व्हरांड्यात खडूने दहा मीटर लांब, एक मीटर रुंद पट्टा आखला.

मग फळ्यावर २०११ च्या जनगणनेतील महाराष्ट्राची लोकसंख्या लिहिली : ११,२३,७४,३३३. एक मुलगी उठून म्हणाली, “बाई, शेवटचा तीन म्हणजे तीनच बारके चौकोन, आणि लाखाच्या घरातला तीन म्हणजे तीन अख्ख्या पट्ट्या!” स्थानिक किंमत याहून चांगली मला सांगता आली नसती.

असे प्रकल्प करायला वेळ लागतो; तो वेळापत्रकात हक्काने मिळावा. आपल्याला एक विनंती : अर्थसंकल्पाच्या बातम्यांत ‘लाख कोटी’ लिहिताना एखादी रक्कम पूर्ण अंकांत, स्वल्पविरामांसह छापावी. ती कात्रणे आम्ही वर्गात वापरू.

— एक प्राथमिक शिक्षिका, जि. सातारा