रिवॉर्ड पॉइंट म्हणजे बचत नव्हे

महोदय,

क्रेडिट कार्डावर जमणाऱ्या रिवॉर्ड पॉइंटांना बचत समजून त्यांच्या भरवशावर खर्चाचे बेत आखण्याची सवय सुशिक्षित मंडळींमध्ये चांगलीच रुजली आहे. सुट्टीतले विमान तिकीट पॉइंटांवर निघेल, मोठ्या खरेदीचा काही भाग कॅशबॅकमधून भरून निघेल, असे आधीच धरून चालले जाते. मात्र एका पॉइंटचे मोल किती, तो किती महिन्यांनी बाद होणार आणि कोणत्या खर्चावर तो मिळणारच नाही, हे सर्व कार्ड देणारी बँक ठरवते आणि या अटी बदलण्याचा हक्कही बहुतेक वेळा तिच्याकडेच असतो. काही काळापूर्वी जेवढ्या पॉइंटांत तिकीट येत होते तेवढ्यात ते आज येईलच, याची हमी कोणीही देत नाही. शिवाय साठवून ठेवलेल्या पॉइंटांवर व्याज मिळत नाही, त्यामुळे ते जितके जपून ठेवावेत तितका तोटाच.

थकबाकीचा प्रश्न याहून गंभीर आहे. शंभराच्या खरेदीवर एक परत देणारे कार्ड उदार वाटते. तेच कार्ड थकलेल्या रकमेवर दरमहा तीन टक्के व्याज लावत असेल, तर त्या शंभरातले निम्मे जरी महिनाभर राहून गेले तरी दीड द्यावे लागते, म्हणजे मिळालेला एक तर गेलाच, वर अर्धा पदरचा गेला. दरमहा तीन टक्के हा दर चक्रवाढीने वर्षाला बेचाळीस टक्क्यांच्या वर जातो. पुष्कळांच्या लक्षात न येणारी गोष्ट अशी की, बिल पूर्ण भरले नाही तर बिनव्याजी मुदतीची सवलतही सहसा उरत नाही आणि नव्या खरेदीवर खरेदीच्या दिवसापासूनच व्याज सुरू होते. बिलावर ठळकपणे छापलेली ‘किमान देय रक्कम’ भरली की दंड टळतो, व्याज टळत नाही.

दरमहा पूर्ण बिल भरणाऱ्यांना यातले काही लागू नाही, असे कोणी म्हणेल. व्याजापुरते ते खरे आहे. पण खर्चाचा हात सैल होतो त्याचे काय? अमेरिकेतील एमआयटीचे ड्रेझन प्रेलेक व डंकन सिमेस्टर यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, सामन्याच्या तिकिटांसाठी कार्डाने पैसे भरायचे असलेल्यांची सरासरी बोली रोख देणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट निघाली होती. त्यात पॉइंटांचे आमिष आले की ‘आणखी इतका खर्च केल्यास वार्षिक शुल्क माफ’ अशी अट पुढे येते आणि ती गाठण्यासाठी वर्षअखेरीस नको ती खरेदी केली जाते. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, दुसरे काय!

हे पॉइंट येतात कुठून, हेही पाहिले पाहिजे. थकबाकीदारांच्या व्याजाबरोबरच, प्रत्येक व्यवहारामागे दुकानदाराच्या बाजूने कार्ड देणाऱ्या बँकेला जाणारे इंटरचेंज शुल्क हा त्यांचा मोठा स्रोत आहे. दुकानदार हा भार बऱ्याचदा किमतीत मिळवतो, त्यामुळे रोख देणारा गरीब ग्राहकही दुसऱ्याच्या पॉइंटांचा थोडाफार खर्च उचलतो. ऑस्ट्रेलियाच्या मध्यवर्ती बँकेने २००३ मध्ये या शुल्काला कात्री लावल्यानंतर तिथल्या कार्डांवरचे पॉइंट आटले. युरोपीय संघाने २०१५ मध्ये ग्राहकांच्या क्रेडिट कार्डांसाठी हे शुल्क व्यवहाराच्या ०.३ टक्क्यांवर रोखले. सरकारच्या किंवा नियामकाच्या एका निर्णयासरशी ज्याचा स्रोत आटू शकतो, त्याच्यावर घरचे अंदाजपत्रक बेतणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही.

कार्ड वापरूच नये, असे माझे म्हणणे नाही. बिल भरण्याची शिस्त असेल आणि पॉइंट मिळताच वापरून टाकले तर ती एक छोटी सूट आहे, इतकेच. आपल्याला विनंती एवढीच की, वृत्तपत्रात ‘सर्वाधिक रिवॉर्ड देणारी कार्डे’ अशा तुलना छापल्या जातात तेव्हा त्याच तक्त्यात थकबाकीवरील वार्षिक व्याजदर, वार्षिक शुल्क, पॉइंट बाद होण्याची मुदत आणि एका पॉइंटचे रोखीतले मूल्य हे चार रकानेही द्यावेत, आणि ते तळटीपेत बारीक टाइपात नसावेत.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक